सुभाष रोडवरचा माळा

धारवाड म्हटले की मराठी माणसाला आधी गाणे आठवते, मग पेढा. थोडे वाचणाऱ्याला जी. ए. कुलकर्णी आठवतात, कारण जी.एं.नी आयुष्याची कितीतरी वर्षे याच गावात इंग्रजी शिकवण्यात आणि कथा लिहिण्यात काढली. पण धारवाडच्या बाजारपेठेत, सुभाष रोडवर, लक्ष्मी भवन नावाच्या इमारतीत एक माळा आहे, आणि आधुनिक कन्नड साहित्याचा मोठा हिस्सा त्या माळ्यावरून खाली उतरला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. गावात त्याला नुसते 'अट्ट' म्हणतात, म्हणजे माळा. कुणाचा माळा, हे सांगावे लागत नाही. 1933 साली जी. बी. जोशी यांनी सुरू केलेल्या मनोहर ग्रंथमालेचे हे ठाणे. कवी बेंद्रे इथे बसले, समीक्षक कुर्तकोटी बसले, नाटककार गिरीश कार्नाड आले, कवी रामानुजन आले.

या माळ्याबद्दल सहसा आठवणी लिहिल्या जातात. कोण कुठे बसायचे, कोण काय बोलले. मला त्यात रस आहेच, पण त्याहून जास्त रस एका व्यवहाराच्या प्रश्नात आहे. विकत घ्यायची वस्तू चांगली की वाईट हे आधी कसे कळावे? आणि एकाला कळलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोचावे? मडके वाजवून घेता येते, आंबा हुंगता येतो, कापड चिमटीत धरून पाहता येते. पुस्तकाचे तसे नाही. ते वाचून संपल्याखेरीज कळत नाही, आणि वाचून संपले की दुकानदार ते परत घेत नाही. म्हणजे पुस्तक घेणारा प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर विसंबून पैसे मोजत असतो. हा दुसरा कोण, त्याच्या शब्दाला वजन कशाने येते आणि तो चुकला तर त्याचे काय जाते, या प्रश्नांची उत्तरे सुभाष रोडवर काही दशके रोजच्या व्यवहारात दिली जात होती.

'ग्रंथमाला' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांनी 1894 मध्ये याच नावाचे मासिक काढले होते. वर्गणीदार गोळा करायचे, त्यांच्या पैशावर छपाई करायची आणि पुस्तके घरपोच धाडायची, ही पद्धत त्या काळच्या मुंबई इलाख्यात रुळलेली होती आणि धारवाडही तेव्हा त्याच इलाख्यात होते. जोशींची ग्रंथमालाही वर्गणीदारांच्या बळावर उभी राहिली. यात मुद्दा असा, की वाचक पैसे आधी देतो आणि पुस्तक नंतर पाहतो. दुकानातला वाचक कव्हर बघतो, दोन पाने चाळतो, नको असेल तर ठेवून देतो. वर्गणीदाराच्या हातात हा उपाय नसतो. त्याने पुस्तकावर नाही, पुस्तक निवडणाऱ्यावर पैसे लावलेले असतात.

म्हणून निवडणाऱ्याला झोप लागत नाही. त्या काळच्या प्रकाशकाचे गणित डोळ्यांसमोर आणून पाहावे. सोळा पानांचा एकेक फर्मा खिळे जुळवून तयार व्हायचा, मुद्रिते तपासून परत जायची, छापून झाले की तेच खिळे सोडवून पुढच्या फर्म्यासाठी वापरायचे. कागद रोखीने. पुस्तक बांधून झाले की पुड्या बांधायच्या, नावे घालायची, व्ही.पी. करायची, म्हणजे पुडी न उघडताच दारात पैसे मोजून घ्यायची. पोस्टमन गडहिंग्लजच्या किंवा विजापूरच्या दारात उभा राहिला आणि घरमालकाने "नको" म्हटले, की पुडी आल्या वाटेने परत. दोन्हीकडचा टपालखर्च प्रकाशकाच्या माथी. व्ही.पी. परत येणे हा त्या काळचा सर्वांत रोखठोक अभिप्राय होता. कुणी चार पानी टीका लिहिली नाही तरी परत आलेल्या पुड्यांचा ढीग बोलायचा. आणि वर्ष संपल्यावर वर्गणीची मनीऑर्डर पुन्हा आली, तर तोही अभिप्रायच. मनीऑर्डरच्या फॉर्मवर तळाशी मजकुरासाठी बोटभर जागा असे. आपल्याकडच्या जुन्या प्रकाशकांनी त्या बोटभर जागेतून वाचकांना ओळखले आहे.

जी. बी. जोशी (1904–1993) स्वतः लेखक होते. 'जडभरत' या नावाने त्यांनी नाटके लिहिली, आणि त्यांचे 'सत्तवर नेरळु' हे नाटक ब. व. कारंतांनी रंगभूमीवर आणल्यावर कर्नाटकभर गाजले. बेंद्र्यांच्या सहवासात ते वाढले. द. रा. बेंद्र्यांनी धारवाडात 1922 च्या सुमारास 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा मेळा, जमवला होता. वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, शं. बा. जोशी, बेटगेरी कृष्णशर्मा अशी माणसे त्यात होती. कविता लिहिली की ती आधी मित्रांपुढे वाचायची, त्यांनी हाणून पाडली तर पुन्हा लिहायची, हा त्या मेळ्याचा शिरस्ता. बेंद्र्यांच्या घरी मराठी होती, त्यांनी मराठीतही लिहिले, आणि 'संवाद' या मराठी पुस्तकाबद्दल त्यांना केळकर पारितोषिक मिळाले. शं. बा. जोशींनी 'मऱ्हाटी संस्कृती' मराठीत लिहिली. म्हणजे माळ्याच्या पायाशी दोन्ही भाषा होत्या. पुढे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून जे काही झाले त्यामुळे हे आपण विसरलो, आणि त्याची मला खरोखर खंत वाटते.

मित्रांचा मेळा आणि वर्गणीदारांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेळ्यात मत असते, पैसा नसतो. यादीत पैसा असतो, मत उशिरा येते. जोशींनी या दोन्हींची गाठ बांधली आणि गाठीवर एक माणूस बसवला. तो म्हणजे कीर्तिनाथ कुर्तकोटी (1928–2003). गदगचे, व्यवसायाने इंग्रजीचे प्राध्यापक, नोकरीची बरीच वर्षे गुजरातेत आणंदला गेलेली. ग्रंथमालेचे ते साहित्य-सल्लागार. नव्या हस्तलिखिताला त्यांच्या नजरेखालून जावे लागे. कन्नडमध्ये त्यांच्याइतका धारदार वाचक त्या पिढीत क्वचितच दुसरा असेल. 'उरिय नालगे' या समीक्षाग्रंथाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण त्यांचे मोठे काम छापील पुस्तकांच्या आधीचे आहे, हस्तलिखितांच्या समासातले.

गिरीश कार्नाडांचेच पाहू. बाविशीतला मुलगा, ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला निघालेला. इंग्रजी कवी व्हायचे स्वप्न. जाण्याआधी त्याच्या हातून 'ययाति' हे नाटक उतरले, आणि तेही कन्नडमध्ये, ज्याचे त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले. हस्तलिखित माळ्यावर पोचले आणि 1961 मध्ये ग्रंथमालेने ते छापले, तेव्हा लेखक ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. परदेशात राहायचे की परतायचे, या घालमेलीत त्या पुस्तकाने आपले पारडे परतण्याकडे झुकवले, असे कार्नाड पुढे सांगत. एका नवख्या लेखकाचे पहिले नाटक वर्गणीदारांच्या माथी मारायचे, हा धोका होता. तो धोका माळ्यावरच्यांनी आपल्या शब्दावर घेतला.

पण 'ययाति'पेक्षा मला 'तुघलक'ची गोष्ट अधिक मोलाची वाटते. कुर्तकोटींनी आपल्या समीक्षेत एक उणीव दाखवली होती. बर्नार्ड शॉसारख्याने इतिहास घेऊन जसे नाटक केले, तसे नाटक कन्नडमध्ये नाही. कार्नाडांनी ते वाचले आणि त्यांना ते लागले. मग त्यांनी ईश्वरीप्रसादांचे इतिहासाचे पुस्तक उघडले, आणि वाचता वाचता चौदाव्या शतकातल्या महंमद तुघलकापाशी येऊन थांबले. 1964 मध्ये 'तुघलक' आले. मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणले. हा क्रम स्वतः कार्नाडांनी मुलाखतींतून सांगितला आहे.

इथे जरा थांबायला हवे. परीक्षण म्हटले की आपण समोर असलेल्या वस्तूवर मत देणे एवढेच समजतो. ही कढई चांगली, ती करपते. हे पुस्तक वाचा, ते नको. कुर्तकोटींनी फळीवर नसलेल्या वस्तूचे परीक्षण केले. पन्नास नाटके वाचल्याशिवाय एक्कावन्नावे कुठले नाही हे दिसत नाही. एकट्यादुकट्या वाचकाला ते दिसणे अवघड, कारण त्याने वाचलेले त्याच्यापाशीच राहते. जिथे अनेकांचे वाचन एका जागी येते, कुणीतरी ते लक्षात ठेवते, आणि कधीतरी सगळे मांडून पाहते, तिथेच रिकामी जागा नजरेस येते. माझ्या लेखी अभिप्राय गोळा करण्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

ग्रंथमालेने हे मांडून पाहण्याचे काम मुद्दाम केले. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने 'नडेदु बंद दारी' या नावाने, म्हणजे चालून आलेली वाट, आधुनिक कन्नड साहित्याचा आढावा घेणारे जाडजूड खंड निघाले. प्रकाशक रौप्यमहोत्सवाला सत्कार करतो, फोटो काढतो, स्मरणिकेत जाहिराती घेतो. या प्रकाशकाने आपल्या वर्गणीदारांच्या हाती हिशेब ठेवला, आणि तो फक्त आपल्या पुस्तकांचा नाही, साऱ्या भाषेचा. काय लिहिले गेले, त्यातले किती टिकेल, काय राहून गेले. कुर्तकोटींच्या समीक्षेचा पाया इथे पक्का झाला. वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला पुढची वीस वर्षे पुस्तके पारखायला लागणारी नजर एकदम मिळाली.

ग्रंथमालेची त्या सुमाराची यादी पाहिली की छाती दडपते. रावबहादुरांची 'ग्रामायण' 1957 ची. शांतिनाथ देसाईंची 'मुक्ति' 1961 ची; देसाई पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इंग्रजी शिकवत, त्यामुळे कोल्हापूरच्या कित्येकांनी त्यांना वर्गात ऐकले आहे. 1965 मध्ये यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार'. ही कादंबरी अनंतमूर्तींनी इंग्लंडात बर्मिंगहॅमला शिकत असताना लिहिली. बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' पाहून आल्यावर, माल्कम ब्रॅडबरींशी झालेल्या बोलण्यातून ती सुचली, असे ते सांगत. लेखक मलेनाडूचा, लिहिले बर्मिंगहॅममध्ये, छापले धारवाडने. पाच वर्षांनी तिच्यावर चित्रपट निघाला, नायक प्राणेशाचार्यांची भूमिका कार्नाडांनी केली आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळाले. आणखी काही वर्षांनी ए. के. रामानुजन यांनी कादंबरी इंग्रजीत नेली. त्याच रामानुजनांचा पहिला कन्नड कवितासंग्रह, 'होक्कुळल्लि हूविल्ल', 1969 मध्ये सुभाष रोडवरूनच आला होता. चित्रपटातला नट, इंग्रजीत नेणारा कवी आणि मूळ प्रकाशक, तिघेही एकाच माळ्याचे.

यावर शंका घेणारा विचारील, की मग हा माळा म्हणजे चार ओळखीच्या माणसांचा अड्डाच झाला की नाही? शंका रास्त आहे. ओळखीतून भरवसा येतो, आणि ओळखीतूनच कंपूही तयार होतो. माळ्याचा जिना सगळ्यांना सारखाच सोपा होता असे म्हणवत नाही. त्या काळातली नावे वाचताना बायका किती, दलित लेखक किती, हा प्रश्न पडतोच. हा दोष एकट्या धारवाडचा नव्हता. मुंबईत खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथा' मासिकाची हस्तलिखिते ज्या बारकाईने वाचत, तिला मराठीत तोड नाही. जी.एं.सारखा धारवाडात एकटा राहणारा लेखक टपालाने त्या वर्तुळाशी जोडलेला होता. तरीही 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. निवड करणारे मूठभर, आणि त्यांना दिसते ते जग तेवढेच, असा तो राग होता. पारखी माणूस कितीही चोख असला, तरी त्याच्यापर्यंत जे पोचतच नाही ते तो पारखणार कसे?

याला मराठीत एक उत्तर मिळाले, आणि तेही वर्गणीदारांकडूनच. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशा मंडळींनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभी केली. सभासद वाचक आधी पैसे भरतो, पुस्तक सवलतीत त्याच्या घरी जाते. पद्धत ओळखीची. पण 'ग्रंथाली'ने 1978 मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आणि 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' वाचकांच्या घरात नेले. ही पुस्तके दुकानात कव्हर पाहून किती मध्यमवर्गीय वाचकांनी उचलली असती, याबद्दल मला शंका आहे. वर्गणीदाराच्या घरी ती आली, टेबलावर पडली, वाचली गेली. पैसे आधी घेण्याचा हा दुसरा फायदा: वाचकाला जे आवडेल असे वाटते त्यापलीकडचे त्याच्या हाती देता येते. त्याला पटले नाही तर पुढच्या वर्षी तो वर्गणी भरणार नाही. तेवढा अधिकार त्याच्याकडे उरतो, आणि उरायलाच हवा.

इंग्लंडात व्हिक्टर गोलांझ यांनी 1936 मध्ये लेफ्ट बुक क्लब काढला तेव्हा हीच कसोटी त्यांच्यावर आली. दर महिन्याला एक पुस्तक, निवड तिघांची, सभासद हजारोंनी आणि गावोगावी चर्चामंडळे. 1937 मध्ये जॉर्ज ऑर्वेलचे 'द रोड टू विगन पियर' आले. त्याच्या उत्तरार्धात ऑर्वेलने समाजवाद्यांनाच फटकारले होते, म्हणजे क्लबच्या सभासदांना. गोलांझांनी पुस्तक परत केले नाही, आणि तो भागही गाळला नाही. त्यांनी स्वतःची प्रस्तावना जोडली आणि आपण लेखकाशी कुठे सहमत नाही ते तिच्यात स्पष्ट लिहिले. वाचकाला वस्तू आणि तिच्यावरचा आक्षेप एकाच बांधणीत मिळाले. मला ही रीत फार प्रामाणिक वाटते. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे आशीर्वाद, अशी समजूत का झाली कोण जाणे.

वाचकाचे मत मागायची रीत मात्र आपल्याकडे होती. केशवराव कोठावळे यांनी 1964 मध्ये 'ललित' मासिक सुरू केले, त्यात 'चोखंदळ वाचकांची निवड' असे. वाचकाने पुस्तक वाचून नाव कळवायचे. माळ्याच्या हे अगदी उलट, कारण इथे मत पुस्तक निघाल्यावर येते. तरी दर वर्षी त्या यादीची वाट पाहणारे ग्रंथपाल मी पाहिले आहेत, आणि गावातल्या वाचनालयाची खरेदी त्यावरून ठरताना पाहिली आहे.

हे सगळे पुस्तकांपुरतेच चालते का? नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरवायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा. एवढ्या साध्या मांडणीत मताला आपोआप वजन येते. जिच्या घरी डाळ शिजली नाही, ती पुढच्या महिन्याची यादी भरताना शेजारणीला तसे सांगते. शेजारीणही तीच डाळ खाते आहे. खोटे बोलून कुणाला काही मिळायचे नाही, आणि खोटे बोललेच तर उद्या जिन्यात गाठ पडायची आहे. सुभाष रोडवर काय वेगळे होते? लेखकाला त्याचे हस्तलिखित कच्चे आहे असे तोंडावर सांगणारा दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसत होता. अनोळखी माणसाचे कौतुक आणि अनोळखी माणसाची निंदा दोन्ही फुकट असतात, म्हणून दोन्ही हलकी असतात.

जी. बी. जोशींच्या पाठीमागे ग्रंथमालेचे काम मुलाने आणि नातवाने चालू ठेवले. 2011 मध्ये कार्नाडांचे आत्मचरित्र 'आडाडत आयुष्य' इथूनच निघाले, आणि 2018 मध्ये तालिकोटच्या लढाईवरचे त्यांचे अखेरचे नाटक 'राक्षस तंगडी'. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. 1961 ते 2018, जवळपास साठ वर्षे एक जगप्रसिद्ध लेखक एका जिल्ह्याच्या गावच्या प्रकाशकाला सोडून गेला नाही. त्याला दिल्ली होती, मुंबई होती, ऑक्सफर्डच्या नावाचा छापखाना होता. इंग्रजी पुस्तके तिकडे गेलीही. कन्नड पुस्तक मात्र धारवाडला.

ते आत्मचरित्र मराठीत 'खेळता खेळता आयुष्य' म्हणून आले ते उमा कुलकर्णी यांच्यामुळे, आणि त्यांची काम करण्याची रीत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. उमाताई बेळगावच्या, लग्नानंतर पुण्याच्या. कन्नड कानाला ओळखीचे, पण लिपी वाचून कादंबऱ्या उलगडाव्यात इतकी सवयीची नव्हती. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत. घरची कामे उरकून उमाताई ते ऐकत आणि मराठीत लिहून काढत. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष' या कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद याच रीतीने झाला आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. विरूपाक्षांनी स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद केले. कुठले पुस्तक घ्यायचे, कुठले सोडायचे, हे त्या घरात आधी दोघांत ठरे. नवऱ्याला वाचताना कंटाळा आलेले पुस्तक बायकोच्या कानापर्यंत कशाला पोचेल? भैरप्पा, अनंतमूर्ती, तेजस्वी, कार्नाड ही नावे आज मराठी घरातल्या कपाटात सहज दिसतात, त्यांतली कितीतरी पुण्यातल्या त्या दोन वाचकांनी आधी आपल्या घरात पारखून घेतलेली आहेत.